इंदूमावशीचा आवाज

काकूजींना संताप यायला गोष्टीत खून-मारामारी व्हावी लागत नसे. कुणीतरी येऊन पाण्याचा ग्लास ठेवला आणि लेखकाने त्या माणसाचं नाव सांगितलं नाही, एवढं त्यांना पुरायचं. "पानी कोनं आनलं?" त्या विचारायच्या. "आपोआप आलं काय?"

एकदा आम्ही दोघी सिनेमाला गेलो होतो. शेवटी खलनायकाची गाडी कड्यावरून खाली जाते, पेटते आणि थिएटरभर शिट्ट्या-टाळ्या. काकूजी उठून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अरे, पर ड्राइवर का क्या कसूर था?" पुढच्या रांगेतला एक माणूस वळून म्हणाला, "आंटीजी, बैठ जाइए." त्या बसल्या नाहीत. "गाड़ी में दो आदमी थे बेटा. ताली किसके लिए बजा रहे हो?" बाहेर येऊन आम्ही कचोरी खाल्ली, तेव्हाही त्या ड्रायव्हरच्या बायकोला बातमी कुणी कळवली असेल, याच काळजीत त्या होत्या. मला आधी हसू येत होतं. कचोरी संपेपर्यंत ते गेलं, आणि मीही त्या बाईचाच विचार करायला लागले. काकूजींच्या सोबतीत हे व्हायचंच.

आता त्या जयपुरात नाहीत. मुलीकडे नागपूरला असतात. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं ते प्रेमानेच, पण लिहायला बसलं की हात रागाने चालतो. त्याला माझा इलाज नाही.

आमची ओळख झाली मुरलीपुऱ्यातल्या एका स्टुडिओत. खाली लोखंडी कपाटांचा कारखाना आणि वरच्या मजल्यावर आमचं काम : मोबाइलवर ऐकायच्या मालिका. खाली हातोडे चालू असले की आमचं रेकॉर्डिंग बंद, त्यांची जेवणाची सुट्टी झाली की आमची धावपळ सुरू. मालिका मूळ हिंदीत असायच्या. त्या मराठीतही काढायच्या ठरल्या तेव्हा मला कामावर घेतलं. माझे वडील विम्याच्या नोकरीत बदली होऊन साताऱ्याहून इकडे आले. मी जन्मले आणि शिकले इथेच. माझं मराठी म्हणजे घरात आईशी बोलण्यापुरतं, आणि त्यातही वाक्यागणिक एक 'मतलब'. मी लिहिलेलं पहिलं स्क्रिप्ट वाचून काकूजी म्हणाल्या, "पोरी, हे मराठी आहे, का हिंदीच पदर घेऊन उभी आहे?" आज हे मी मराठीत लिहिते आहे, ते त्या एका वाक्याने आलेल्या लाजेमुळे.

'काकूजी' हे नाव स्टुडिओनेच दिलेलं. त्यांचं माहेर पूर्व विदर्भातलं, वडसा-ब्रह्मपुरीकडचं, यजमान रेल्वेत गार्ड. आयुष्य बदल्यांमध्ये गेलं आणि निवृत्तीनंतर दोघं इथे जयपुरातच, स्टेशनजवळच्या बनी पार्कात भाड्याने राहिले, कारण काकांना म्हणे गाड्यांचा आवाज नसला तर झोप येत नसे. लग्नाआधी काकूजींनी झाडीपट्टीच्या नाटकांमध्ये कामं केली होती. त्या भागात धान निघालं की गावोगाव उघड्यावर मंडप पडतात आणि पंचक्रोशी नाटकाला लोटते. त्या मोकळ्या मैदानावर घडलेला आवाज आमच्या कोंदट खोलीत मावत नसे. रेकॉर्डिंग सांभाळणारे कैलाशजी हेडफोन काढून कळवळून म्हणायचे, "काकूजी, माइक के लिए बोलो. सांगानेर तक मत पहुँचाओ."

त्यांना भूमिका मिळायच्या त्या सगळ्या कडेच्या. मोलकरीण, नर्स, शेजारीण, देवळाबाहेर फुलं विकणारी. पण भूमिका दोन ओळींची असली तरी त्यांचे प्रश्न दोन ओळींचे नसत. हिचं गाव कोणतं? हिला पोरंबाळं किती? सकाळी काही पोटात गेलंय का हिच्या? आमचा मॅनेजर नितेश, स्वभावाने गोड आणि कायम घाईत, कपाळाला हात लावायचा. "काकूजी, दो ही तो लाइनें हैं."

"लाइनें दो हैं बेटा. औरत तो पूरी है ना?"

त्यांच्या वाट्याला इंदूमावशी आली ती अशीच, कडेकडेने.

ज्या प्रकारच्या मालिका आम्ही करत होतो त्याला डार्क रोमान्स म्हणतात. गडगंज श्रीमंत, देखणा आणि हिंस्र नायक. त्याने जबरदस्तीने आणून ठेवलेली नायिका. एक बंगला, एक बंद दार, आणि त्या दारामागे हळूहळू उमलणारं प्रेम. नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत, मला हा प्रकार आवडतो. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका "शी, असलं कसं ऐकवतं गं" म्हणतात आणि भाजी चिरताना कानात वायर घालून तेच ऐकतात. मीही ऐकत आले. घरातली भीती दार ठोठावून येत नाही आणि सांगून जात नाही. ही भीती बटण दाबलं की थांबते. तेवढा हक्कसुद्धा किती बायकांना मिळतो? काकूजींनीही या मालिकांना कधी घाण म्हटलं नाही. त्यांचं भांडण वेगळं होतं.

इंदूमावशी ज्या मालिकेत होती, तिच्या नायकाचं नाव रुद्र, नायिका अन्वी. अन्वीला वरच्या खोलीत ठेवलेलं. तिला जेवण नेणारी आणि बाहेर येऊन दाराला कुलूप लावणारी घरची जुनी बाई म्हणजे इंदूमावशी. पहिल्या दिवशी काकूजी खुर्चीवर बसेनात. "इंदू थ्या घरात खुर्चीवर बसत नसेल," म्हणाल्या आणि सरळ फरशीवर मांडी घातली. कैलाशजींनी कुरकुरत माइक खाली आणला. मग काकूजींनी ओळ म्हटली : "पोरी, जेवून घे. उपाशी राहून दार उघडत नाही." मूळ स्क्रिप्टमध्ये फक्त 'जेवून घे' एवढंच होतं. पुढचं वाक्य त्यांचं. कैलाशजींनी मान वर केली आणि पुन्हा रेकॉर्डिंग घ्यायला नकार दिला.

चहाच्या वेळी त्या माझ्यावर तुटून पडल्या, जणू मालिका मीच लिहिली होती. "थ्या रुद्रनं पोरीले कोंडलं, तर त्याले तुम्ही पाच भाग देले. लहानपनी आई गेली, बाप पट्ट्यानं मारे, कुत्रं मेलं, सगळं सांगून झालं. आन् दार कोन लावते? इंदू. तिले किती भाग? 'इंदूनं दार लावलं.' खतम! मालकाच्या पापाले कारन असते. नोकराच्या पापाले नसते काय?"

मी म्हटलं, "काकूजी, ती साइड कॅरेक्टर आहे."

"कोनाच्या साइडची?" त्यांनी विचारलं. "हेच तर विचारून राह्यली मी."

हे सगळं त्यांना इतकं का लागायचं, ते मला एकदा बसमध्ये कळलं. मुरलीपुऱ्याहून परतताना आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली होती. झाडीपट्टीतल्या एका नाटकात त्या राणीची दासी होत्या. राजा सांगतो आणि दासी राणीला विषाचा पेला नेऊन देते, असा प्रवेश. राजाचं काम करणाऱ्याला लोक टाळ्या द्यायचे, कुणी हार घालायचं, कुणी बक्षीस जाहीर करायचं. एका गावात नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूजी एका दारात पाणी मागायला गेल्या. घरातली बाई कळशी घेऊन बाहेर आली, त्यांचं तोंड बघितलं आणि कळशी घेऊन परत आत गेली. आतून म्हणाली, "तुले पानी देऊ? रानीले तू काय देलं होतं?" त्याच अंगणात बाजेवर बसून राजा पोहे खात होता.

"विष मागवनाऱ्याले पोहे," काकूजी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आन् आननारीले पानीबी नाही. मी तवा एकोनीस वर्साची होती."

मालिका चालली, फारच चालली. पण झालं असं की ऐकणाऱ्यांचे अभिप्राय येऊ लागले ते रुद्र-अन्वीपेक्षा इंदूमावशीबद्दल. मावशीचं लग्न झालं होतं का? ती हसत का नाही? अन्वीवर तिचा जीव आहे, मग ती दार का लावते? हे शेवटचं तर शेकडो बायकांनी विचारलेलं. मी काकूजींना वाचून दाखवायची आणि त्या प्रत्येक अभिप्रायाला "हाव! बरोबर!" म्हणून मांडीवर थाप मारायच्या. लोकांना कडेच्या माणसाची आधीची गोष्ट का हवी असते, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं, आणि त्याहून चांगलं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. "हिरॉइनचं काय होनार, थे पह्यल्याच दिवशी समजते. थ्याच्या गळ्यात पडनार, आनखी काय! इंदूचं काय होनार, थे कोनालेच माहीत नाही, इंदूलेबी नाही. आपलं तसंच असते ना पोरी? आपन कुठं हिरॉइन आहोत?"

आणि खरोखरच वरून आदेश आला : इंदूमावशीची वेगळी मालिका करा, तिच्या आधीच्या आयुष्याची. नितेशने काकूजींच्या पायांना हात लावला. त्यांनी मला रविवारी घरी बोलावून वडाभात खाऊ घातला. मराठीचं कच्चं स्क्रिप्ट मी करायचं ठरलं होतं, म्हणून पुढच्या कित्येक दुपारी मी बनी पार्कात त्यांच्या घरी घालवल्या. त्या सांगायच्या, मी टाइप करायची. काका कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसायचे आणि मध्येच, "त्या वेळी तिकडून गाडीच नसते," म्हणून कथेतलं पळून जाणं हाणून पाडायचे.

काकूजींची इंदू अशी होती : आई त्या बंगल्यावर भांडी घासायची आणि इंदू तिच्या मागे मागे यायची. आई गेल्यावर भांडी हिच्याकडे आली. रुद्रच्या बापानेही एक मुलगी अशीच आणून ठेवली होती. इंदू तेव्हा तरुण होती, तिला राहवलं नाही आणि एका दुपारी तिने दार उघडं ठेवलं. मुलगी पळाली. संध्याकाळी गावातल्याच माणसांनी तिला परत आणून सोडलं, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे तिचा स्वतःचा बाप होता. दार उघडं राहिलं म्हणून माळ्याला हाकललं. इंदू गप्प बसली. त्या मुलीला नंतर शहरात नेलं, ते पुन्हा कुणी तिला पाहिलं नाही.

इथपर्यंत गोष्ट आली आणि अडली. मी विचारलं, "मग पुढे अन्वीच्या वेळी तिने दार का लावलं? तिला तर सगळं माहीत होतं."

"थे मले अजून समजलं नाही," त्या म्हणाल्या. "खोटं कारन देनार नाही मी तिले. थांब थोडी."

तेवढं थांबायला कुणाला वेळ नव्हता. पुढच्या आठवड्यात नितेशने तयार स्क्रिप्ट समोर ठेवलं. कुठल्या तरी मोठ्या ऑफिसातून लिहून आलेलं. त्यात इंदू लहानग्या रुद्रला सांभाळणारी आया होती. आणि त्याने ऐकलं नाही की ती त्याला अंधाऱ्या कोठीत कोंडायची. म्हणून तो असा झाला, म्हणून त्याला बंद दारं आवडतात! शेवटच्या भागात इंदू त्याच्या पायांशी बसून म्हणते : "रुद्रबाबा, तुझ्यातला राक्षस मीच घडवला. अन्वीच्या डोळ्यांतल्या प्रत्येक अश्रूची गुन्हेगार मी आहे."

काकूजींनी ते पान दोनदा वाचलं. मग नितेशला शांतपणे विचारलं, "बेटा, इसका बाप मारता था ना इसको? पट्टे से? वो पाँच भाग कहाँ गए?"

"काकूजी, वो भी है. पर ये ट्विस्ट है."

"और इसने लड़की को बंद किया, वो भी इंदू ने करवाया?"

नितेशने हात जोडले. वाईट माणूस नव्हता तो, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. "काकूजी, ऑडियंस हीरो से प्यार करती है. उसको हम गलत नहीं छोड़ सकते. किसी पर तो डालना पड़ेगा."

किसी पर तो डालना पड़ेगा! हे वाक्य मी त्यानंतर किती ठिकाणी ओळखलं, सांगता येत नाही. घराघरात, ऑफिसात, बातम्यांत, कुणी उच्चारलं नाही तरी. ढकलायचं ठरलं की शोधायला कितीसं लागतं? जिच्या मागे कुणी उभं नाही अशी एक बाई पुरते, आणि ती तर प्रत्येक घरात भांडी घासतच असते.

काकूजी म्हणाल्या, "मी हे बोलनार नाही." मराठीत म्हणाल्या. नितेशला कळलं नाही असं नाही. त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. एरवी उतरताना त्या कारखान्यातल्या लोकांशी आवाजावरून भांडण काढल्याशिवाय जात नसत. त्या दिवशी सरळ फाटकाबाहेर पडल्या.

तरुण इंदूचे भाग एका नव्या मुलीने केले, शेवटच्या म्हाताऱ्या इंदूलाही दुसरी कुणी आवाज देईल असं मला वाटलं होतं. महिन्याभराने नव्या मालिकेचा शेवटचा भाग आला आणि माझ्या आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, तुझ्या काकूजींनी काय सुंदर काम केलंय!"

मी फोन हिसकावून घेतला. काकूजींचाच आवाज. खालून आल्यासारखा, तोच किंचित घोगरा, 'रुद्रबाबा' म्हणताना 'बा'वर तेच रेंगाळणं. त्या रडत होत्या. माफी मागत होत्या. "गुन्हेगार मी आहे," म्हणत होत्या.

मी कैलाशजींना फोन केला. ते म्हणाले, "कंप्यूटर से बनाया है जी. पुरानी सारी रिकॉर्डिंग मँगवाई थी. मुझे बताया नहीं था किसलिए." 

मी तडक बनी पार्कात गेले. दार काकूजींनीच उघडलं, पण मला आत ये म्हणाल्या नाहीत. आत काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. मंडळातल्या बायकांचे सकाळपासून फोन येत होते, कौतुकाचे. काकांनीही तो भाग ऐकला होता. ते त्यांचे सगळे भाग ऐकत. काकूजींनी घरी सांगितलं होतं की आपण नकार दिला आणि काम सोडलं. काकांना त्याचा केवढा अभिमान वाटला होता. आणि आता हे. "बोलायचं होतं तर बोलायचं होतं," काका भिंतीलाच म्हणाले. "मला खोटं कशाला सांगितलं?"

मी त्यांना समजावलं. मशीन आवाज कसा बनवतं, आधीच्या बोलण्यातून नवं बोलणं कसं काढतं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग वळून बायकोकडे बघितलं आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "मग मला कसं कळावं गं?"

काकूजींच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं ते एवढ्या काळात त्याच वेळी.

आम्ही दोघी ऑफिसात गेलो. नितेशने चहा मागवला. म्हणाला, आवाज तर तुमचाच आहे, तुम्ही खुशीने दिलेला आहे, करारात बसतं. म्हणाला, मानधनाचंही बघू. काकूजी म्हणाल्या, "आवाज माझा आहे रे बाबा. बोलनं माझं नाही. काढून टाक." तो म्हणाला, "ऊपर से होगा." वर कोण आहे, हे आम्हाला कधीच कळलं नाही. एका वकिलाला विचारलं, तर त्याने मान हलवली आणि वर्षं लागतील म्हणाला. तो भाग आजही तिथेच आहे, आणि आजही लोक तो ऐकून रडतात. मी नोकरी सोडली, पण त्याने कुणाचं काही अडलं नाही.

मग संक्रांत आली. महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू त्या वर्षी मोठ्या हॉलमध्ये होतं, कारण वाण आमच्याच, म्हणजे त्यांच्याच, कंपनीकडून येणार होतं. इंदूमावशी मंडळाची सभासद, म्हणजे मंडळाचाच मान! अध्यक्षबाईंनी काकूजींचा सत्कार ठेवला. मला वाटलं त्या जाणार नाहीत. त्या नऊवारी नेसून आल्या, काकांना घेऊन.

भर दुपार होती. बाहेर गच्च्यागच्च्यांवरून पतंगांचा आरडाओरडा चालला होता, 'वो काटा'च्या आरोळ्या आत ऐकू येत होत्या. व्यासपीठावर काकूजींना शाल दिली आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, "आता आपण तो प्रसंग ऐकू या, ज्याने आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं." आणि स्पीकरवर तो लावला. काकूजी शाल पांघरून उभ्या, आणि डोक्यावरच्या भोंग्यातून त्यांचाच आवाज रडत होता, गुन्हेगार मी आहे. समोर बायका पदराने डोळे पुसत होत्या. टाळ्या झाल्या. माइक त्यांच्यापुढे आला.

"हे मी बोलली नाही," काकूजी म्हणाल्या.

लोकांना गंमत वाटली. कुणी हसलं.

"हे मशीन बोललं. मी नाही म्हनून आली होती. इंदूनं कोनाले राक्षस बनवलं नाही." एवढ्यात माइक बंद पडला. कुणी बंद केला, की बंद पडला, देव जाणे. पण या बाईला माइकची गरज कधी होती? त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, पोटातून श्वास घेतला, आणि इंदूची खरी गोष्ट सांगायला लागल्या. मागच्या दारात चहाचे कप मांडणारी माणसं हात थांबवून ऐकायला लागली. बंगला, भांडी, पहिली मुलगी, उघडं ठेवलेलं दार, तिला परत आणणारा बाप. कंपनीची माणसं आपसांत कुजबुजत होती, पण पुढे यायची हिंमत कुणाची झाली नाही.

मधूनच एक तरुण मुलगी ओरडली, "मग अन्वीला कुलूप का लावलं?"

काकूजी थबकल्या. हाच प्रश्न बनी पार्कात मीही विचारला होता. त्या व्यासपीठाच्या कडेला आल्या आणि म्हणाल्या :

"कुलूप तर लागनारच होतं पोरी. इंदू नाही म्हनती, तर दुसरा लावता. मग चावी दुसऱ्याकडे जाती. इंदूनं लावलं, म्हनून चावी इंदूकडे राह्यली. थे वाट पाहून राह्यली होती, गाव झोपन्याची नाही, गाव सुधरन्याची. तवरिक चावी आपल्या कमरेले ठेवली तिनं. बरोबर केलं का चूक केलं, मले माहीत नाही. पन तिले कारन होतं."

कुणी टाळी वाजवली नाही. मग मधल्या रांगेतून एक बाई उठून उभ्या राहिल्या. साठीच्या, रेल्वेतल्याच घरातल्या. मंडळात वर्षानुवर्षं येत, पण कधी फार बोलत नसत. त्या म्हणाल्या, "लग्नानंतर मला सासरी कोंडलं होतं. धुळ्याकडे. मी माहेरी जायचं म्हणाले म्हणून. आमच्याकडे पारू म्हणून बाई होती, ती बाहेरून कडी लावायची. लावून दाराशीच बसायची, दिवसभर, भाजी निवडत. मला वाटायचं पहारा करते. आजपर्यंत मी तिलाच शिव्या दिल्या." त्या काकूजींकडे वळल्या. "ती दाराशी बसलेली असायची तेव्हा दुसरं कुणी आत आलं नाही. हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. आत्ता."

काकूजी व्यासपीठावरून खाली उतरल्या आणि गर्दीतून थेट त्यांच्यापाशी गेल्या. "आडनाव काय तिचं?"

"माहीत नाही हो," त्या बाई म्हणाल्या. "कुणी विचारलंच नाही."

सत्काराचं वाण घ्यायला त्या दोघी थांबल्या नाहीत.

चार-पाच दिवसांनी काकूजींनी मला घरी बोलावलं. त्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. काका त्यांना चहा देत होते. पारूचा शोध घ्यायचा होता आणि सासरच्या जुन्या माणसांपैकी हयात होते ते फक्त मोठे दीर. बाईंनी इतक्या वर्षांत त्यांना स्वतःहून कधी फोन केला नव्हता. यजमान होते तोवर तेच बोलत. बाईंनी नंबर काढला आणि फोन पुन्हा मांडीवर ठेवला. काकूजी म्हणाल्या, "लाव. आम्ही आहो."

फोन लागला. इकडची तिकडची चौकशी झाली. मग बाईंनी विचारलं, "भाऊजी, आपल्याकडे पारू होती, तिचं गाव कोणतं? आडनाव काय होतं?"

स्पीकरमधून म्हाताऱ्याचं हसू ऐकू आलं. "पारू? ती कधीच गेली असेल. गावबिव कोण लक्षात ठेवतो! दुष्ट बाई होती, तुला कोंडून घालायची. आता त्या मोलकरणीचं काय काढलंस?"

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. त्यांनी तो तोंडाजवळ ओढला.

"मोलकरणीचं नाही काढत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमचंच काढतेय. कडी लाव म्हणून तिला सांगितलं कोणी होतं?"

काका कप हातात धरून उभे होते. काकूजींनी पुढे वाकून फोनचा आवाज आणखी मोठा केला, आणि आम्ही चौघं उत्तराची वाट पाहत राहिलो.